चक्रवाकाचे सात खाडे

लोक लांब लांब जाऊन पक्षी पाहतात आणि परत येऊन किती दिसले ते सांगतात. मी नागपूरहून रायपूरला गेलो, बारा दिवस पहाटे साडेचारला उठलो आणि पक्षी नसलेले पाहून आलो. बारा दिवसांत एकदाच एक दिसला. त्या एकानं माझं काय केलं ते सांगायला बसलो आहे.

आधी माझ्याबद्दल सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा संबंध आहे. माझा धंदा सूत्रसंचालनाचा. लग्नं, साठीशांती, निरोपसमारंभ. नवरदेवाच्या आजोबांनी तरुणपणी विहिरीत पडलेली बकरी काढली असेल, तर माझ्या माइकवरून ते अख्खं गाव पुरातून काढतात. घरीही तेच. आमच्याकडे 'दिलीप सांगत होता' असं म्हटलं की ऐकणारा निम्मं आपोआप वजा करतो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट मी तेवढं आधीच वाढवून ठेवतो.

माझी थोरली बहीण रायपूरला दिली होती. भाऊजी रेल्वेत गार्ड होते, ताई तिथल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. ताई दोन वर्षांपूर्वी गेली. भाऊजी समता कॉलनीतल्या त्याच भाड्याच्या घरात एकटे राहिले. आता गुडघे थकले, तेव्हा मुलानं, निखिलनं, त्यांना हैदराबादला कायमचं बोलावलं. रविवारी दुपारच्या विमानाचं तिकीट काढून पाठवलं. मला वाटलं, सामान बांधायला मदत हवी म्हणून मला बोलावलं असेल. होळी पुढे होती, त्या आठवड्यात मुहूर्त नव्हते, म्हणून मी आठ दिवस आधीच, शनिवारी संध्याकाळी, पोहोचलो. सामान बांधून झालेलं होतं.

"सामानासाठी नाही बोलावलं तुले," भाऊजी म्हणाले. "स्कूटर चालवायले बोलावलं. मले आता गुडघ्यानं किक मारता येत नाही."

"जायचं कुठं?"

"तळ्यावर. रोज. सात दिवस."

मग त्यांनी पेटीवर ठेवलेली वही माझ्यापुढे सरकवली.

हजेरीपट

ती शाळेची हजेरीची वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट. ताईच्या शाळेतल्या पद्धतीनंच ती भरली होती. डावीकडे नावं, पुढे तारखांचे चौकोन. रोल नंबर एक, चक्रवाक. दोन, तलवार बदक. तीन, थापट्या. चार, धोबी. दरवर्षी थंडीत उत्तरेकडून नवा रायपूरच्या कडेच्या एका तळ्यावर येणारे आणि उन्हं तापू लागली की परत जाणारे हे पाहुणे पक्षी. आला तर उभी रेघ, नाही आला तर शून्य. सोळा वर्षांच्या सोळा वह्या. शेवटच्या दोन भाऊजींच्या अक्षरात, आधीच्या सगळ्या ताईच्या.

"शेवटचं घर पाय," भाऊजींनी बोट ठेवून दाखवलं. त्या घरावर लिहिलं होतं, 'शेवटची हजेरी'. "आला तो दिवस त्याच दिवशी कळते. गेला तो दिवस मात्र लगेच कळत नाही. आज नाही दिसला, उद्या दिसन. म्हणून तुह्या ताईचा नियम होता. सलग सात खाडे झाले की मगच पटावरून नाव कमी करायचं. मंग मागं जाऊन शेवटच्या रेघेची तारीख त्या घरात लिहायची. मधात एक दिवस जरी हजर सापडला, तर मोजणी पुन्हा एकपासून."

"शाळेतल्या पोट्ट्याईचा नियम पाखरांना?"

"पोट्ट्याईच्या बाबतीत तर नाव कमी करण्याआधी ती घरी जाऊन यायची."

या वर्षी बाकी सगळ्यांची नावं कमी झाली होती. एकटा चक्रवाक उरला होता. त्याच शनिवारी सकाळी भाऊजी शेजाऱ्याच्या गाडीनं गेले होते, तेव्हा दोन होते. रविवार ते शनिवार सात दिवस. पुढच्या रविवारी दुपारी विमान. हिशेब काठोकाठ बसत होता.

"उघडा वर्ग टाकून मास्तरीण कधी गेली नाही," भाऊजी म्हणाले. "हे एवढं बंद करून देतो. मंग निखिलनं मले कुठंही नेऊन ठेवावं."

पहिले चार खाडे

तळ्याचं नाव सांगायचं नाही अशी त्यांची अट आहे. ती मी पाळतो. रस्ता मात्र सांगतो. पहाटे शहर सोडलं की नवा रायपूर, म्हणजे नव्यानं वसवलेली राजधानी, लागतं. रस्ते एवढे रुंद की नागपुरातलं एखादं लग्न वरातीसकट आडवं झोपेल, आणि त्यावर माणूस नाही. दिवे जळताहेत, सिग्नल लाल होतो, हिरवा होतो, बघायला कोणी नाही. मी सिग्नल मोडणार तेवढ्यात भाऊजी पाठीमागून खांदा दाबायचे. हिरवा झाला की दोनदा थोपटायचे. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यातून झेंडी दाखवलेला माणूस. मी अगदी मालगाडीसारखा सुटायचो.

पहिल्या दिवशी धुकं होतं. बांधाच्या पायथ्याशी एक झोपडी, तिथे बिसाहू नावाचा म्हातारा मासळीच्या ठेकेदाराची राखण करतो. बांधावर चढलो. पळस फुलला होता, पण त्या करड्या उजेडात तोही विझल्यासारखा दिसत होता. समोर पाणी. मधोमध एक काळा दगड आहे, त्याचं टोकही अजून पाण्याखालीच आहे, असं भाऊजींनी सांगितलं. ते उघडं पडलं की उन्हाळा लागला समजायचं.

"आता पाय. डाव्या हातून उजवीकडं, सावकाश. वर्गात पाहतो तसं. मागच्या बाकावरही."

मी दुर्बीण डोळ्याला लावली. डावीकडून उजवीकडे पाणी. उजवीकडून डावीकडेही पाणीच.

वेळ जावा म्हणून मी चक्रवाकांची ती प्रसिद्ध गोष्ट सुरू केली. रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट, एकमेकांना मारलेल्या हाका, पहाटेचं मीलन. माझ्या लग्नातल्या निवेदनात ती हमखास टाळ्या घेते.

"रात्री ते चरायले जाते," भाऊजी म्हणाले. "दिवसा झोपते. ताटातूट-बिटातूट काही नाही."

मग त्यांनी पिशवीतून वही काढून रविवारच्या घरात शून्य काढलं. गोल, नीट, टोकं जुळवून.

सोमवारीही शून्य. येताना शहरातल्या बुढापारा भागात पोहे खाल्ले. नागपुरात पोह्यांवर तर्री ओततात, इथे बाजूला जिलबी ठेवतात. मी तर्री मागितली तर दुकानदार म्हणाला, "भैया, मिर्ची कम लग रही है क्या?" आणि मूठभर तळलेल्या मिरच्या टाकल्या. भाऊजी काहीच खात नव्हते. "तुह्या ताईले इथली जिलबी आवडे," म्हणाले, आणि स्वतःची जिलबी माझ्या बशीत ठेवली.

मंगळवारी मी रस्ता चुकलो. नव्या रायपुरातले सगळे चौक एका साच्यातून काढलेले आहेत. एकाच गोल बागेला तीन फेऱ्या मारल्यावर भाऊजी मागून शांतपणे म्हणाले, "दिलीप, तिसऱ्या फेरीत सप्तपदी अर्धी होते." आठवडाभरातला तो त्यांचा पहिला आणि शेवटचा विनोद. पोहोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. शून्य.

बुधवारी बांधावरच्या चिखलात माझा एक बूट रुतून राहिला. तो काढताना बिसाहू जवळ आला. त्याच्या हातात फडक्यात बांधलेला फरा होता, तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या वळकट्या. त्या त्यानं आम्हाला दिल्या आणि विचारलं, "का देखथव भैया रोज-रोज? कुछु तो नइ हे."

भाऊजी त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलायचे. म्हणाले, "नइ हे, उही ल लिखे बर आथन."

'नाही' हेच लिहायला येतो. बिसाहूनं थोडा विचार केला आणि "हव" म्हणाला. त्याला ते पटलं. मला चौथ्या दिवशीही पटलेलं नव्हतं.

गुरुवार

गुरुवारी भाऊजींचा उजवा गुडघा सुजला. घरी थांबा म्हटलं, ऐकलं नाही. झोपडीशी पोहोचलो आणि त्यांना बांध चढवेना. बिसाहूच्या खाटेवर बसून म्हणाले, "तू जा. डाव्या हातून. पाच मिनिटं पूर्ण पाय."

मी एकटाच वर गेलो. डावीकडून निघालो, आणि मधल्या दगडाजवळ दुर्बीण थांबली.

एकच होता. विटकरी-नारिंगी अंग, डोकं फिकट, साईच्या रंगाचं. गळ्याभोवती काळी बारीक रेघ, लहान लेकराच्या गळ्यात दृष्टीचा दोरा बांधतात तशी. दगडावरच्या उथळ पाण्यात उभा होता. एकदा मान वळवून त्यानं मागे पाहिलं, तिथे कोणी नव्हतं. परत पुढे पाहिलं. ओरडला नाही, उडाला नाही. पाच मिनिटं तो उभा होता आणि मी बघत होतो. कोणाला सांगायची घाई न होता एखादी गोष्ट बघण्याची ती बहुधा माझी पहिली वेळ.

मग मी हिशेब केला. चार शून्यं वाया. मोजणी पुन्हा एकपासून. रविवारपर्यंत सात होणार नाहीत. म्हातारा वर्ग उघडा टाकून विमानात बसणार. आणि खरं सांगायचं तर मला पहाटे उठण्याचाही कंटाळा आला होता.

आयुष्यभर मी नसलेलं आहे म्हणून सांगत आलो. असलेलं नाही म्हणायचं मला कधी कामच पडलं नव्हतं. खाली उतरेपर्यंत मी चेहरा तयार केला.

"किती?" भाऊजींनी विचारलं.

"शून्य."

त्यांनी वही मांडीवर घेतली आणि शून्य काढलं. सुजलेल्या गुडघ्यामुळे वही तिरकी राहिली, म्हणून ते जरा लांबट झालं. बिसाहूनं मला चहा दिला. तो पिताना मी खूप बोललो.

शुक्रवारी, शनिवारी मीच वर जात होतो. दोन्ही दिवस खरंच कोणी नव्हतं. मी तीन-तीनदा पाहिलं. तो दिसावा असं वाटत होतं की दिसू नये, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शनिवार दुपार

घर रिकामं झालं होतं. भिंतीवर चौकटींचे पांढरे डाग, एक लोखंडी खाट, पेटी आणि पेटीवर वही. निखिलचा फोन येऊन गेला. तो मराठी समजतो, बोलतो हिंदीत. "मामा, पापा को टाइम पे एअरपोर्ट पहुँचा देना, बस."

भाऊजींनी माझ्याकडे पेन दिलं. "मह्या हातानं आता नीट होत नाही. शेवटचं घर आहे, चांगलं आलं पायजे. सातवं शून्य टाक, अन् पुढच्या घरात मागच्या शनिवारची तारीख लिही."

मी सातवं शून्य काढलं. भाऊजींनी नमुन्याला ताईची एक जुनी वही शेजारी उघडून ठेवली होती. सगळ्या तारखा सरळ रेषेत. पेन शेवटच्या घरावर आलं आणि मी ते खाली ठेवलं.

"भाऊजी, गुरुवारी एक होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "नको दिलीप. राहू दे आता."

"खरंच होता."

"मले समजते. वही उघडी राहिली तर मी जाणार नाही, असं वाटलं तुले, म्हणून सांगून राहिला. कळवळा आहे तुह्या मनात. पण राहू दे."

"तसं नाही. मी त्या दिवशी खोटं बोललो. आज खरं बोलून राहिलो."

त्यांनी वही आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, "तुही ताई गेली तवा तू सगळ्याईले सांगत होता, शेवटच्या घटकेपर्यंत ती पोराईचे पाढे म्हणत होती म्हणून. दिलीप, ती शेवटचे तीन दिवस बोललीच नाही. तू तर दुसऱ्या दिवशी आला. मी तवा काही म्हटलं नाही. लोक रडत होते, त्याईले बरं वाटत होतं. मलेही एक-दोन खेपा खरंच वाटलं. पण हे हजेरी आहे. यात तसं नाही चालत."

ती पाढ्यांची गोष्ट मी तेरवीलाही सांगितली होती. नंतर दोन सत्कारांतही.

मग त्यांच्यातला गार्ड जागा झाला. एखाद्या अपघाताची चौकशी करावी तसं विचारू लागले. कुठे होता. मधल्या दगडाशी. तोंड कुठं. उगवतीकडे. किती वेळ. मी होतो तोवर. चरत होता का. नाही, उभा होता. आणखी काही.

"गळ्यात काळा दोरा होता," मी म्हणालो. "लेकराच्या गळ्यात असते तसा."

भाऊजी थांबले. "हे कोणी सांगितलं तुले?"

"कोणीच नाही. दिसला."

"बिसाहूनं?"

"नाही."

"थंडीत तो दोरा त्याच्या गळ्यात धड दिसत नाही," ते म्हणाले. "उन्हाळा जवळ आला की नराच्या गळ्यात उमटते. मी तुले हे सांगितलं नव्हतं." मग जरा वेळानं, स्वतःशीच, "एकटाच होता म्हणजे. नर. शनिवारी दोघं होते."

त्यांनी पेन घेतलं आणि गुरुवारच्या लांबट शून्याच्या मधोमध उभी रेघ काढली. सोळा वर्षांत या वह्यांत एकही खाडाखोड नव्हती. ही पहिली.

ते रागावले नाहीत. शिवी दिली असती तर मी संध्याकाळी थोडं जेवलो असतो.

"दोनच झाले म्हणजे," ते म्हणाले. "शुक्रवार अन् शनिवार." वही बंद करून त्यांनी पिशवीत टाकली. बाहेर एक भाजीवाली ओरडत गेली, लाल भाजी, तिवरा भाजी. ते तिचा आवाज जाईपर्यंत ऐकत बसले.

"मी थांबतो," मी म्हणालो. "उरलेले पाच मी पाहतो. घराची किल्ली महिनाअखेरीपर्यंत आहेच."

"तू पाहशीन. पण तू सांगशीन अन् मी मानीन, असं होईन का?"

"ते तुमच्यावर."

रविवारी पहाटे आम्ही दोघं गेलो. मी त्यांना धरून बांधावर चढवलं. त्यांनी स्वतः दुर्बीण लावली, डाव्या हातून उजवीकडे, आणि मधल्या दगडाशी बराच वेळ थांबले. कोणी नव्हतं. तिसरं शून्य त्यांनी स्वतः काढलं. बिसाहू त्यांना निरोप द्यायला स्कूटरपर्यंत आला. "फेर आहू," म्हणाला. भाऊजींनी "हव" म्हटलं. दोघांनाही ठाऊक होतं की ते येणार नाहीत.

विमानतळाच्या दाराशी त्यांनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली आणि वही हातात दिली. "दिसलं ते दिसलं. नाही दिसलं ते नाही. मधात काही टाकू नको." आत जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. गुडघ्यामुळे त्यांना वळायला त्रास होत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

उरलेले चार

रिकाम्या घरात एकटं झोपायला नको असं ठरवून मी सोमवारी लॉज शोधायला निघालो आणि अर्ध्या रस्त्यातून परत आलो. लोखंडी खाट, एक पातेलं, एक पेला. पहाटे स्कूटर. मोकळ्या सिग्नलला मी आता थांबत होतो, खांदा दाबायला मागे कोणी नसलं तरी.

सोमवार, शून्य. मंगळवार, शून्य. रोज सकाळी हैदराबादला फोन. भाऊजी फक्त विचारायचे, "किती?" मी आकडा सांगायचो. ते "बरं" म्हणायचे. विश्वास आहे की नाही, ते त्या 'बरं'वरून कळत नव्हतं. निखिलनं एकदा फोन घेऊन विचारलं, "मामा, आप अकेले उस घर में कर क्या रहे हो?" मी म्हणालो, "हजेरी घेऊन राहिलो." त्यानं बापाकडे फोन परत दिला.

बुधवारी बांधावर बसून मला एक गोष्ट सुचली, चांगली सुचली. धुक्यातून एक जोडी येते, एकदाच फेरी मारते, उत्तरेला निघून जाते. भाऊजींना ती किती आवडली असती, ते मला नेमकं ठाऊक होतं. आवाज कुठे खाली आणायचा तेही ठरलं होतं. फोन लावला.

"किती?"

"शून्य."

गुरुवारी बिसाहू माझ्याबरोबर बांधावर आला. वारा पडला होता, पळसाची फुलं पाण्यावर सांडून काठाशी कुजत होती. मी डाव्या हातून पाहिलं. मग उजव्या हातून. मग बिसाहूला दुर्बीण दिली, त्यानंही पाहिलं. "सब्बो चल दिन," तो म्हणाला. सगळे गेले.

ताई असती तर नाव कमी करण्याआधी घरी जाऊन आली असती. यांचं घर हिमालयापलीकडे. मी आणखी पाच मिनिटं बसलो, तेवढंच करता येत होतं. मग सातवं शून्य काढलं आणि शेवटच्या घरात मागच्या गुरुवारची तारीख लिहिली. माझं अक्षर ताईसारखं येत नाही, पण ओळ सोडली नाही.

"काली घलो आहू?" बिसाहूनं विचारलं. उद्याही येणार का.

"नाही," मी म्हणालो, आणि फोन लावला.

"किती?"

"शून्य. सात झाले. लिहिलं मी."

"गुरुवारची लिहिली?"

"गुरुवारची."

मग भाऊजींनी विचारलं, "पाणी कसं आहे?"

"खाली गेलं. दगड उघडा पडून राहिला."

"मधला?"

"मधलाच. टोक दिसून राहिलं, बोटभर."

ते "बरं" म्हणाले नाहीत. मीही फोन ठेवला नाही. पलीकडे कुठल्या तरी स्वयंपाकघरात कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी.